फलकावरची बाटली पाहून तहान का वाढते?

प्रश्न – वर्धारोडकर
परवा दुपारी नागपुरात अजनी चौकातल्या सिग्नलला थांबलो असताना (पारा 45 अंशांपलीकडे, डोक्यावर हिरव्या जाळीचा आडोसा) समोरच्या फलकावरची शीतपेयाची बाटली मी एकटक पाहत राहिलो. तिच्या काचेवरचा एक टपोरा थेंब घरंगळण्याच्या बेतात होता. डिकीत माठाचे पाणी असूनही पुढच्या टपरीवर थांबून मी तेच पेय घेतले आणि दोन घोटांतच, अतिगोड लागल्यामुळे, बाजूला ठेवले. चित्राला ना चव, ना गारवा. मग ते एवढे ओढते कशामुळे?

उत्तर – धरमपेठ स्टुडिओ
वस्तूंची छायाचित्रे काढणे हा माझा व्यवसाय आहे. तुम्हाला खिळवणारा तो थेंब बहुधा निव्वळ पाण्याचा नव्हताच. ग्लिसरीन आणि पाणी साधारण समप्रमाणात मिसळून बाटलीवर फवारतात. ग्लिसरीन दाट असल्यामुळे थेंब ओघळत नाही आणि दिव्यांखाली लवकर वाळतही नाही. एखादा थेंब नेमक्या जागी हवा असेल, तर मी तो सिरिंजने लावतो. सगळे एका मापाचे झाले की खोटे दिसतात, म्हणून लहानमोठे मिसळावे लागतात. बर्फाचे खडे अनेकदा अ‍ॅक्रिलिकचे असतात. कोलासारखे पेय कॅमेऱ्यात काळेठिक्कर दिसते, म्हणून त्यात पाणी घालतात आणि बाटलीमागे तिच्याच आकाराचा चंदेरी पुठ्ठा दडवून त्यावर प्रकाश टाकतात. तेव्हा कुठे तो आतून उजळलेला तांबूस रंग येतो.

उत्तर – विज्ञानशिक्षक
थेंबाविषयी थोडी भर घालतो. गार काचेलगतची हवा दवबिंदूखाली (म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते, त्याखाली) थंड झाली की तिच्यातली वाफ काचेवर जमते. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जेमतेम ओलसर धुके येते, तर मुंबईत तीच बाटली टेबलावर पाण्याचे वर्तुळ उमटवते. म्हणजे फलकावरची बाटली नागपूरच्या उन्हाळ्यातल्या खऱ्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त भिजलेली असते! तरीही ती पटते, कारण ओल म्हणजे गारवा हे आपण लहानपणीच पाझरणाऱ्या माठाला हात लावून शिकलेलो असतो. खाणे तोंडात पडण्याआधी, नुसत्या खुणेनेच लाळ सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले होते. इथे खूण थेंबाची आहे, एवढाच फरक.

उत्तर – महालची मावशी
गोडीचे कारण वेगळे आहे. नेहमीच्या कोलात 100 मिलिलिटरमागे साधारण 10 ग्रॅम साखर असते, पण जीभ गार पडली की ती कमी जाणवते. पेय कोमट झाले की लपलेली गोडी वर येते. टपरीवरचा फ्रिज दुपारभर उघडझाप सोसत असतो, त्यामुळे तुमची बाटली पुरेशी गार होती का, ते आठवून पाहा.

वर्धारोडकर
मावशी, नव्हती. हाताला ती जेमतेमच गार लागली होती, पण टपरीच्या फळीवरही तेच भिजलेले चित्र चिकटवलेले होते आणि पहिला घोट घेताना मी त्याच्याकडेच पाहत होतो.