दुकान त्याचंच आहे, मग वरचे वीस रुपये द्यायचे की नाही?

कर्वेनगरवासी:
प्रश्न क्षुल्लक आहे, पण कित्येक महिने डोक्यात फिरतोय.

गेली सात वर्षं एकाच पोराकडून केस कापून घेतो. तो आधी एका मोठ्या एसी सलूनमध्ये कारागीर होता. काम झालं की निघताना मी त्याच्या हातात वीस-तीस रुपये ठेवायचो, गल्ल्यावरच्या मालकाला दिसणार नाहीत अशा बेताने. गेल्या दसऱ्याला त्याने स्वतःचं दुकान टाकलं. दोन खुर्च्या, आरशावर झेंडूची माळ, कोपऱ्यात संत सेना महाराजांची तसबीर. मीही त्याच्यामागे तिकडे गेलो.

कटिंग १२०, दाढी ७०. पहिल्याच दिवशी सवयीने १९० ऐवजी २१० स्कॅन केले. तो डबा बोंबललाच, 'दो सौ दस रुपये प्राप्त हुए'. बाकावर पेपर वाचणाऱ्या दोघांनी मान वर केली. हा म्हणाला, "दादा, वीस जास्त आले." मी म्हटलं, राहू दे. त्याने ड्रॉवर उघडला, विसाची नोट काढून माझ्या हातात ठेवली आणि हसून म्हणाला, "आता दुकान आपलंच आहे ना."

आता यात मी त्याचा अपमान केला की त्याने नुसता संकोच केला? पुढच्या वेळी दिले नाहीत, तर मानेची मालिश जरा आखडती वाटली. (माझ्या मनाचे खेळ असतील.) मालकच काम करत असेल तर तुम्ही काय करता?

हिशेबनीस:
देऊ नका. सरळ हिशेब आहे. बऱ्याच सलूनमध्ये कारागीर अर्ध्यावर काम करतो, म्हणजे १९० चं काम केलं तर त्याच्या हातात ९५ पडायचे. दर ठरवणं त्याच्या हातात नव्हतं, म्हणून तुमचे वीस रुपये योग्य जागी जात होते. आता १९० त्याचेच आहेत आणि बोर्डही त्याचाच. त्याला २१० हवे असतील तर २१० लिहील. शिंपी ब्लाउज चांगला बसवतो म्हणून त्याला कुणी वर वीस देतं का? दाताच्या डॉक्टरला?

सांगलीकर:
१९० त्याचेच? दुकानाचं डिपॉझिट, भाडं, व्यापारी दराने येणारं लाइट बिल, गिऱ्हाइकागणिक नवीन ब्लेड, टॉवेलची धुलाई, हे काय तुमच्या खिशातून जातं? सोमवारी दुकान बंद. श्रावणात अर्धा गाव दाढी वाढवून फिरतो, पुढे पितृपंधरवडा येतो. त्या दिवसांत मी आमच्या इथल्या दुकानदारांना खुर्चीवर बसून मोबाइल बघताना पाहतो. कारागिराला निदान भाड्याची काळजी नव्हती.

आणि बोर्ड त्याचा कुठला? आमच्याकडे तालुक्याची नाभिक संघटना दर ठरवते. सगळ्या दुकानांत तोच छापील बोर्ड, खाली 'आदेशावरून'. मालक स्वतः दर ठरवतो हे मोठ्या शहरातल्या ब्रँडेड दुकानांचं झालं.

हिशेबनीस:
भाडं वाणीही भरतो, सांगलीकर. साखर घेतल्यावर त्याला पाच रुपये वर देता का? खर्च दरातच धरलेला असतो, नसेल तर धरायला हवा. आणि संघटनेचा दर हा खालचा असतो, त्याहून कमी घेऊ नये म्हणून. जास्त घ्यायला कोण अडवतंय?

सांगलीकर:
शेजारचं दुकान अडवतं. ते शंभर पावलांवर आहे आणि तिथे १२० च आहेत.

घरचं_पार्लर:
पुरुषांचं चालू द्या. मी डोंबिवलीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत चौदा वर्षं पार्लर चालवते. मालकीण मी, कारागीर मी, झाडणारीही मीच. माझा अनुभव तुमच्या चर्चेच्या उलट आहे. मालकिणीला टिप मिळत नाहीच, वर तिच्याशी घासाघीस होते.

मॉलमधल्या पार्लरमध्ये जी बाई फेशियलचे दोन हजार मुकाट भरते आणि तिथल्या मुलीला शंभर देते, तीच माझ्याकडे म्हणते, "तुला काय गं, घरातच तर करतेस." भुवयांचे ४० चे ५० केले, तर तीन महिने कुरकुर. त्याच बायका ५० ची नोट देऊन "राहू दे गं सुट्टे" म्हणायच्या तेव्हा फार उदार वाटायच्या. दहा रुपये त्यांनी स्वतःहून दिले तर कौतुक, मी मागितले तर महागाई!

त्यामुळे टिप नको बाई. मला तीन गोष्टी द्या. दर वाढवला की कुरकुर करू नका. हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री साडेनऊला बेल वाजवू नका. आणि वेळ घेऊन न येणार असाल तर दुपारपर्यंत कळवा, त्या तासाला मी दुसरीला नाही म्हटलेलं असतं.

खडूस काकू:
रात्री साडेनऊची बेल मीच वाजवते बहुतेक. सॉरी हं.

एडिसनवासी:
न्यू जर्सीतून. इथे जुन्या शिष्टाचारात हिशेबनीसांचाच नियम होता, मालक स्वतः केस कापत असेल तर टिप देऊ नये. तो आता जवळजवळ मेला. ओक ट्री रोडवरच्या ज्या पार्लरमध्ये मी जाते तिथली मालकीण काम झालं की टॅब्लेट माझ्याकडे फिरवते, त्यावर १८, २०, २५ टक्के असे तीन चौकोन. 'नको' हा पर्याय खाली बारीक अक्षरात. ती समोर उभी असताना तो दाबायला मोठी छाती लागते.

पण तिचीही बाजू आहे. इथले कितीतरी 'मालक' म्हणजे दुसऱ्याच्या जागेत खुर्ची भाड्याने घेतलेली माणसं. नावाला स्वतःचा धंदा, कात्री स्वतःची, विमा स्वतःचा, आणि गिऱ्हाईक आलं नाही तरी आठवड्याचं भाडं चुकत नाही. २०२५ मध्ये तर सरकारने टिपेवरच्या आयकरात सवलत दिली, वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत आणि २०२८ पर्यंत. केस कापणारे त्या यादीत आहेत, स्वतःचा धंदा करणारेसुद्धा.

पुण्याला आले की सवयीने वीस टक्के देते आणि आई घरी आल्यावर म्हणते, "तू भाव वाढवून जातेस, मग वर्षभर आम्ही भरतो."

हिशेबनीस:
तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. तिकडे हॉटेलातल्या वाढप्याला केंद्राच्या नियमाने तासाला २.१३ डॉलर पगार दिला तरी चालतो, उरलेलं गिऱ्हाइकाच्या टिपेवर. १९९१ पासून तो आकडा हललेला नाही. मालकाने पगार द्यायचा नाही आणि आपण लाजेकाजेस्तव भरायचं. आज मालकाला वीस रुपये, उद्या त्या डब्यावर तीन चौकोन.

मधली_सुट्टी:
तुम्ही मालकाचं धरून बसलात. मला दुसऱ्या खुर्चीची काळजी वाटते. दोन खुर्च्यांच्या दुकानात एकीवर मालक, दुसरीवर कारागीर. क्यूआर मालकाच्या नावाचा. मी कारागिराकडून केस कापून घेतो आणि ३० जास्त स्कॅन करतो, ते जातात मालकाच्या खात्यात. संध्याकाळी तो त्याला देतो का? एकदा विचारलं, तर कारागीर खाली बघून म्हणाला, "देतात कधी कधी."

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच आहे की टिप पूर्णपणे कामगारांची, मालकाने त्यातलं काही कापायचं नाही. आपल्याकडे सोपा उपाय म्हणजे विसाची नोट खिशात ठेवावी आणि ज्याने कात्री धरली त्याच्या हातात द्यावी. मालकाने धरली असेल तर नोट खिशातच. तो घेऊ लागला तर दुसऱ्या खुर्चीवरच्या पोराने कुठे बघायचं?

अंधेरी_लोकल:
सगळे मालक काही पैसे परत करत नाहीत हो. माझा दुकानवाला मालकच आहे, वीस वर्षांपूर्वी मुंबईत एकटा आला, बायकापोरं गावी. माझ्या मुलाची कटिंग झाली की मी दर वेळी दहा-वीस वर देते. तो कपाळाला लावून गल्ल्यात टाकतो. खूश असतो. एवढा खल कशाला?

वस्तरा:
धागा वाचत होतो, बोलणार नव्हतो. सातारा जिल्ह्यात माझं दुकान आहे, तीन खुर्च्या. आमच्या घरात हे चौथ्या पिढीचं काम.

कर्वेनगरवासी, त्या पोराने पैसे का परत केले ते मला कळतं. तुम्हाला तो संकोच वाटला, मला वाटत नाही.

माझे आजोबा बलुतं घ्यायचे. वर्षभर घरोघरी जाऊन दाढ्या-हजामती करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. कुणी पायलीभर धान्य द्यायचा, कुणी अडसरीभर, कुणी म्हणायचा "औंदा पिकलं नाही, पुढच्या साली बघू." काम किती केलं याच्याशी त्याचा मेळ नसायचा, समोरच्याच्या मर्जीशी असायचा. देणारा मोठ्या मनाचा असेल तर जास्त पडायचं, आणि ते घरी येऊन आजी सांगायची सुद्धा कौतुकाने. पण मागता यायचं नाही. वडिलांनी ते सोडलं, एसटी स्टँडजवळ टपरी टाकली आणि पहिली गोष्ट काय केली, तर पत्र्यावर रंगाने दर लिहिले. दाढी इतके, कटिंग इतके. पाटील असो नाहीतर हमाल, तेवढेच. तो पत्रा अजून माझ्या दुकानात आतल्या बाजूला ठेवलाय.

म्हणून दराच्या वर कुणी दिले की मला खळं आठवतं. देणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं, माहीत आहे. तरी आठवतं.

माझ्या कारागिरांना कुणी दिले तर त्यांचे त्यांनी घ्यावेत, मी बघतही नाही. मधली_सुट्टी म्हणतात तसं स्कॅनमध्ये जास्त आले तर त्याच मिनिटाला गल्ल्यातून काढून त्याच्या हातात देतो, नाहीतर संध्याकाळपर्यंत माझ्याच लक्षात राहत नाही. दिवाळीची पोस्तही त्यांचीच.

आणि सगळंच नाकारतो असंही नाही. बाळाचं जावळ काढायला बोलावतात, तेव्हा नारळ, तांदूळ, टॉवेल-टोपी आणि वर काय हातावर ठेवतील ते घेतो. तिथे दर सांगतच नाही. तो मान आहे, तिथे मी घरातला असतो. दुकानात मी दुकानदार.

सांगलीकर:
यावर बोलायला काही शिल्लक नाही. पण तरी बोलतो. माझे वडील तुमच्यासारख्याच एका दुकानदाराला दर दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणि शंभर रुपये द्यायचे. त्यालाही खळंच आठवत असेल?

वस्तरा:
मिठाई घेतली असेल मनापासून. शंभराचं तोच जाणे. मी माझं सांगितलं, सगळ्या समाजाचं नाही. अंधेरीवाल्या ताईंचा दुकानदार कपाळाला लावतो, तर त्याचंही बरोबर. त्याचं गाव वेगळं.

हिशेबनीस:
म्हणजे उत्तर माझंच निघालं, देऊ नका. कारण मात्र माझं फारच कोरडं होतं हे मान्य.

घरचं_पार्लर:
हिशेबनीस, तुम्ही माझ्याकडे येत असतात तर ४० चे ५० पहिल्याच दिवशी दिले असतेत. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं हवीत. भुवया करता का?

कर्वेनगरवासी:
वस्तरा, धन्यवाद. ते वीस रुपये परत घेताना मी 'अरे राहू दे, राहू दे' असं दोनदा म्हटलं होतं, चार माणसांसमोर. आता ते आठवून कानकोंडं व्हायला होतंय. पण एक विचारतो. सात वर्षं त्याने माझं डोकं सांभाळलं, नव्या दुकानाच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत हेही मला माहीत आहे. काहीतरी करावंसं वाटतं. मग काय करू?

वस्तरा:
श्रावणात या.

कर्वेनगरवासी:
म्हणजे?

वस्तरा:
तुम्ही श्रावण पाळता का? महिनाभर दुकान ओस असतं, हप्ता मात्र पाच तारखेला जातोच. दर शनिवारी येऊन दाढी करा, बोर्डावरचे सत्तर द्या आणि जा. सोबत दोन मित्र आणा. आणि भाद्रपदात गर्दीच्या रविवारी सकाळी "माझं आधी कर" म्हणू नका.

कर्वेनगरवासी:
मी पाळत नाही, आई पाळते आणि माझ्याकडूनही पाळून घेते. श्रावण दोन आठवड्यांवर आलाय. घरात बोलून बघतो.

खडूस काकू:
आईला सांगा मी परवानगी दिली. ते दुकान कर्वेनगरात नक्की कुठे आहे? माझ्या लेकाचं जंगल झालंय, उद्याच पाठवते.

कर्वेनगरवासी:
उद्या सोमवार, काकू. बंद असतं.