ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच का? (बीए मानसशास्त्र)

राजारामपुरी_बीए२:
वर्तनवादाच्या (शिकणं बाहेर दिसणाऱ्या वर्तनावरून समजावणाऱ्या विचाराच्या) प्रकरणात तीन ठिकाणी अडलंय. दिलेलं उदाहरण पाव्हलॉव्हचं की स्किनरचं (दोघांनी शिकण्याचे वेगवेगळे प्रकार मांडले), हे ओळखायचं कसं? ऋण प्रबलन आणि शिक्षा एकच का? आणि उंदरांवर प्रयोग करणाऱ्या टोलमनला वर्तनवादी म्हणायचं की बोधात्मक (मनात काय चालतं ते बघणारा)? उदाहरणं कोल्हापुरातली दिलीत तर लक्षात राहतील.

रंकाळाकाठ:
आधी क्रम बघा. हे पाव्हलॉव्हचं: रंकाळ्यावर भेळवाला पातेल्यावर चमचा टणटण वाजवतो आणि तोंडाला पाणी सुटतं. चिंचेची चटणी जिभेवर पडल्यावर लाळ सुटते, ते शिकावं लागत नाही. म्हणून चटणी हा अनभिसंधित चेतक (न शिकता प्रतिसाद आणणारा). टणटण मुळात तटस्थ. चटणीच्या आधी ती पुन्हापुन्हा ऐकू आली, म्हणून अभिसंधित चेतक (शिकून प्रतिसाद आणणारा) झाली. आवाज चटणीनंतर आला तर अभिसंधान (ही सांगड) फार कच्चं होतं, त्यामुळे उत्तरात 'आधी' हा शब्द हवाच.

स्किनरकडे आधी कृती, मग परिणाम. उंदीर दांडी दाबतो, मग खाण्याची गोळी पडते. लाळ आपोआप सुटते, दांडी दाबावी लागते.

जाता जाता एक: पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, अभिसंधानासाठी नाही.

पंचगंगा_घाट:
सगळा घोळ 'ऋण' या शब्दाने होतो. ऋण म्हणजे वाईट नव्हे, काहीतरी काढून घेणं; धन म्हणजे काहीतरी देणं. प्रबलनाने वर्तन वाढतं, शिक्षेने कमी होतं. गाडीतली पीप-पीप पट्टा लावल्यावर थांबते, म्हणून पट्टा लावणं वाढतं. हे ऋण प्रबलन. पट्टा नाही म्हणून पावती फाडली, पैसे गेले आणि बिनपट्ट्याचं चालवणं कमी झालं, तर ती शिक्षा. पैसे काढून घेतले म्हणून ऋण शिक्षा.

आता महाद्वार रोड. पोरगं फुग्यासाठी लोळण घेतं, आई शेवटी फुगा घेऊन देते, रडणं थांबतं. पोराला रडल्यावर फुगा मिळाला: धन प्रबलन. आईचा कानठळ्या बसवणारा त्रास गेला: तिच्या फुगा घेऊन देण्याला ऋण प्रबलन. म्हणून पुढच्या वेळी दोघंही तेच करतात.

फुगा देणं बंद केलं की रडणं कधीकधी आधी वाढतं, मग उतरतं. विलोपनाच्या (प्रबलन थांबवून वर्तन विझवण्याच्या) सुरुवातीची ही उसळी. नेमकं तेव्हाच आईने हार मानली तर जास्त मोठ्याने रडण्याला प्रबलन मिळतं. शिवाय कधी फुगा, कधी नाही, असं झालं की ते खंडित प्रबलन होतं आणि सवय जास्त चिवट होते. घरच्यांना सल्ला देताना हा भाग गाळू नका, अर्धवट विलोपनाने नुकसानच होतं.

डाव_पेच:
टोलमनचं बघा. सहकारी हॉन्झिकसोबतचा प्रयोग १९३० चा. चक्रव्यूहात उंदरांचे तीन गट: एकाला शेवटी रोज खाणं, एकाला कधीच नाही, तिसऱ्याला अकराव्या दिवसापासून. बाराव्या दिवशी तिसऱ्या गटाच्या चुका एकदम खाली आल्या. म्हणजे बक्षीस नसतानाही वाट डोक्यात बसत होती, फक्त दिसत नव्हती. म्हणून लिहा: पद्धत वर्तनवादाची, स्पष्टीकरण बोधात्मक.

चुकांच्या आलेखात बरेच जण तिसऱ्या गटाची रेघ अकराव्या दिवशीच पाडतात. तिथे चूक होते. अकराव्या दिवशी खाणं सापडतं ते फेरी संपल्यावर, त्यामुळे फरक दुसऱ्या दिवशीच दिसणार.

राजारामपुरी_बीए२:
मग तालमीत डाव चुकला की वस्ताद शंभर बैठका लावतात, ती धन शिक्षा ना?

पंचगंगा_घाट:
डाव चुकणं कमी झालं तरच. बैठका मारून वस्तादांचं लक्ष आपल्याकडे राहतं म्हणून पैलवान आणखी चुकायला लागला, तर त्याच बैठका प्रबलन ठरतात. देणाऱ्याचा हेतू नाही, वर्तनाचं पुढे काय झालं ते बघायचं.