मदत हवी आहे : 'एवढ्याशा' त्रासासाठी समुपदेशकाकडे जावं का? आणि गावात चर्चा न होता कसं जायचं?

नमस्कार मंडळी,

इथं बरीच वर्षं वाचतोय, पण हा प्रश्न नेहमीच्या आयडीने विचारायचं धाडस झालं नाही म्हणून नवीन आयडी काढलाय, समजून घ्या.

वय ४३. कराड तालुक्यात झेडपीच्या दुशिक्षकी शाळेवर आहे, नोकरीला १९ वर्षं झाली. बायको, दोन मुलं, आई-वडील, थोडी शेती. घराचं कर्ज आहे पण हप्ता थकलेला नाही, व्यसन नाही, घरात भांडण नाही. हे आधीच सांगतोय कारण ज्या एकाच मित्राजवळ विषय काढला तो पहिलं वाक्य हेच बोलला, "तुला काय धाड भरलीय, सगळं तर चांगलंय की तुझं." त्यानंतर मी परत कुणाजवळ बोललो नाही.

त्रास असा की दिवाळीपासून रोज पहाटे साडेतीनला जाग येते, छातीत धडधडत असतं आणि डोक्यात यादी चालू होते, कुठली ऑनलाइन माहिती भरायची राहिली, वडिलांचा गुडघा, मुलीची दहावी, उसाचं बिल कधी येणार, यातली एकही गोष्ट अशी नाही की जिच्यामुळं माणसाची झोप उडावी पण सगळ्या मिळून उरावर बसतात. मग सहापर्यंत नुसतं छताकडं बघत पडायचं. दिवसभर चिडचिड. फॅमिली डॉक्टरांना दाखवलं, ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, बी-१२ थोडं कमी होतं त्याच्या गोळ्या झाल्या. ते म्हणाले "सर, टेन्शन घेऊ नका." आता ते कसं घ्यायचं नाही हेच तर मला जमेना झालंय.

हे पण चालवून नेलं असतं. पण गेल्या महिन्यात चौथीतल्या एका पोराने गृहपाठाची वही आणली नव्हती आणि मी त्याच्यावर इतका ओरडलो की त्याच्या हातातला कंपास खाली पडला, सगळा वर्ग चिडीचूप. मारलं नाही, १९ वर्षांत कधी मारलेलं नाही. पण ते पोर नंतर दोन दिवस "सर, पाणी पिऊन येऊ?" विचारायला पण घाबरत होतं, तहानलेलं बसून राहायचं. ते बघवलं नाही मला. त्याच दिवशी ठरवलं की कुणाशी तरी नीट बोलायचं.

आता खरी अडचण. कराडात एक दवाखाना माहीत आहे, पहिल्या मजल्यावर, पाटीवर मोठ्या अक्षरात 'मनोविकार, व्यसनमुक्ती, लैंगिक समस्या'. खाली मेडिकल आणि समोर चहाचा गाडा, तिथं आमच्या भागातलं कोण ना कोण असतंच. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोनदा गेलो. पहिल्यांदा मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी घेऊन परत आलो. दुसऱ्यांदा निम्मा जिना चढलो तर खालून आमच्याच शाळेतल्या एका पालकाने हाक मारली, "सर, इकडं कुठं?" मी म्हटलं विम्याचं काम होतं. आणि तसाच प्रीतिसंगमावर जाऊन तासभर बसलो.

आमच्याकडं कुणी जरा वेगळं वागलं की "याला येरवड्याला न्यायला झालंय" म्हणतात. मी पण म्हटलंय लहानपणी, हसत हसत, आज त्याचं वाईट वाटतं. गावात लोक आपली पोरं विश्वासाने माझ्याकडं सोडतात, त्यांना कळलं की सरच डोक्याच्या डॉक्टरकडं जातात तर काय म्हणतील? वडिलांना तर सांगायची सोयच नाही, ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं ती, त्यांच्यापुढं माझं दुःख कसलं.

तर ज्यांनी प्रत्यक्ष अनुभव घेतलाय त्यांनी सांगा की एवढ्याशासाठी जातात का लोक, की आजार वाढल्यावरच जायचं असतं? पहिल्यांदा गेल्यावर नक्की काय होतं, लगेच गोळ्या चालू करतात का आणि मग त्या सुटतात का, आणि सरकारी नोकरी आहे तर ऑफिसला कुठं नोंद जाते का. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

---

प्रतिसाद – रानजाई

सर, मी आठ महिने थेरपी घेतली, त्यामुळं तुमचा तो निम्मा जिना मला चांगलाच माहितीये. मला पण हाच प्रश्न होता की माझा त्रास 'पुरेसा' आहे का. माझ्या थेरपिस्टने विचारलं, दात ठणकायला लागल्यावरच जाता की कीड दिसली की जाता? मी खरं सांगितलं की ठणकल्यावरच जाते, तर म्हणाल्या म्हणूनच रूट कॅनॉल करावं लागतं.

मी ऑनलाइन सेशन घ्यायचे, मोबाइलवर, गाडी नदीकडेला लावून काचा वर करून. घरी एकत्र कुटुंब, बंद खोली कुठून आणायची? तुमच्याकडं शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग असेल, रेंज येते का बघा. चहाच्या गाड्याचा प्रश्नच मिटेल.

---

प्रतिसाद – उंबरठा

मी पुण्यात समुपदेशक म्हणून काम करते. इथं वाचून निदान करणार नाही, करूही नये, पण पाच-सहा महिने झोप मोडतेय आणि त्याचा कामावर परिणाम होतोय एवढं कारण यायला भरपूर आहे.

कोण काय करतं ते आधी सांगते कारण पाट्यांवरून काही कळत नाही. सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. आमच्यासारखे समुपदेशक मानसशास्त्रात एमए वगैरे केलेले असतात, आम्ही औषध देत नाही. समुपदेशक ही पाटी कुणीही लावतं हो, म्हणून शिक्षण काय, अनुभव किती हे सरळ विचारायचं, चांगला माणूस रागवत नाही.

पहिलं सेशन ४५-५० मिनिटांचं असतं. झोप, भूक, कधीपासून होतंय, घरी कोण कोण, हे विचारतील. जगणं नकोसं वाटतं का हे पण विचारतील, त्याने दचकू नका, आम्ही सगळ्यांनाच विचारतो. आणि खरंच तसं कधी मनात आलं तर शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी सांगायचं. गोळी प्रत्येकाला लागतेच असं नाही, लागली तर किती दिवस घ्यायची आणि कशी कमी करायची हे डॉक्टर ठरवतात, आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही एवढंच.

आजच्या आज बोलायचं असेल तर टेलिमानस ही फोनवरची हेल्पलाइन आहे, १४४१६. सरकारी आहे, २०२२ मध्ये सुरू झालं, फुकट आहे, रात्री पण चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. पहाटे साडेतीनला लावला तरी चालतो.

---

प्रतिसाद – पायवाट

कायद्याचं मी सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, लागू झाला २०१८ मध्ये. त्यात कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे, जिवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे थोडे अपवाद सोडले तर. आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही हे पण त्याच कायद्यात आहे. ऑफिसचं म्हणाल तर तुम्ही स्वतःच्या खिशातून फी भरली, मेडिकल बिल किंवा आजारपणाची रजा टाकली नाही, तर कागद जाणार कुठून?

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन-चार दिवस परत परत वाचत होतो.

परवा पहाटे जाग आली तेव्हा परड्यात जाऊन १४४१६ लावला. आधी भाषा निवडायला सांगतात, मग पलीकडं एक ताई होत्या. मला वाटलं होतं दोन मिनिटांत उरकतील, अर्धा तास बोललो. त्या पोराचं सांगताना गळा भरून आला तर त्या थांबल्या, घाई केली नाही. कुणाशी तरी नियमित बोलायला हवं असं त्यांचं पण मत पडलं. रानजाई ताईंसारखंच ऑनलाइन ठरवलंय, येत्या शनिवारी दुपारी पहिलं सेशन आहे, वर्गात रेंज येते.

त्या पोराला काल जवळ बोलावून सॉरी म्हटलं. त्याने नुसती मान हलवली आणि खेळायला पळाला.

बायकोला रात्री सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग फी किती घेतात एवढंच विचारलं. मला वाटलं झालं, हिला पटलं नाही. सकाळी डबा भरताना पाठमोरीच म्हणाली, "बायकांना पण जाता येतं का हो तिथं?"

वर्षभर आईचं आजारपण तिनेच काढलंय, एकदाही तक्रार केली नाही आणि मी विचारलं पण नाही. तर उंबरठा ताई, आता एक नवीन प्रश्न आहे. आम्ही दोघांनी एकाच समुपदेशकाकडं जायचं की तिच्यासाठी वेगळं कुणी बघायचं?