प्रवासात टॅबलेट: कुठे पुरतो, कुठे अडतो

लॅपटॉप घरी ठेवून केवळ टॅबलेटवर प्रवासातले काम भागेल का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण एक्सेलचे काम वगळून. महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरहून मुंबईला जाताना वरच्या बर्थवर मान वाकवूनच बसावे लागते; तिथे अर्ध्या किलोचा टॅबलेट गुडघ्यांवर टेकवून ईमेल आणि पीडीएफवरील दुरुस्त्या निवांत होतात, शिवाय तो साध्या पॉवर बँकेवर चार्ज होतो. मात्र आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅबलेटवरील एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे ठरावीक पायऱ्या आपोआप करणाऱ्या साठवलेल्या आज्ञा, चालत नाहीत. शिरोलीतील आमच्या फाउंड्रीचे कोटेशन मॅक्रोवरच बेतलेले असल्याने ग्राहकासमोर दर बदलताना मला प्रत्येक आकडा हाताने मांडावा लागला, आणि ही अडचण मी किरकोळ मानत नाही. कीबोर्डचे कव्हर जोडल्यास वजनही बरेच वाढते.