मदत हवी आहे: बाणाची पिसं डावी लावू की उजवी?

नमस्कार मंडळी. मुलगी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मारते, उजव्या हाताने. आता १८ मीटरवरून ७० मीटरला जायचंय. बाणांना उजवीकडे फिरवणारी स्पिन विंग (प्लास्टिकची वळलेली पिसं) लावली आहेत. काल नॉकवर (बाणाच्या मागची, दोरीत अडकणारी खाच) खूण करून बिनपिसांचा बाण २-३ मीटरवरून मारून पाहिला, तर तो चक्क डावीकडे फिरला! दोरीच्या पिळामुळे असं होतं म्हणे. म्हणजे पिसांचा बाण आधी डावीकडे फिरणार, थांबणार, मग उजवीकडे? थोडा वेग त्यातच जात असणार, असा माझा संशय.

१२ बाणांची पिसं काढून डावी लावावीत का? की दोरीच उलट्या पिळाची करून घ्यावी? (ते बहुतेक स्वस्त पडेल.) दोन्ही मारून पाहिलेल्यांनी सांगा, ७० मीटरवर ग्रुपिंगमध्ये (बाण किती जवळजवळ लागतात त्यात) खरंच फरक दिसतो का? आणि डावी पिसं प्लंजरला (धनुष्यावरची, बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची पिन) घासतात का?