मदत हवी आहे: सिग्नलला उजवीकडे वळताना अडकते

नमस्कार मंडळी. पुण्यात राहते, गाडी शिकून चार महिने झाले. बाकी सगळं जमतं, पण ऑफिसच्या वाटेवरच्या एका चौकात रोज हात घामेजतात. तिथे उजव्या वळणाला वेगळा बाण नाही. आम्हाला हिरवा लागतो तेव्हाच समोरच्यांनाही लागतो.

मी आधीच उजव्या लेनमध्ये येते, इंडिकेटर देते, चौकाच्या मध्याशी थांबते. चाकं सरळच ठेवते, म्हणजे मागून कुणी ठोकलं तर गाडी समोरच्या रहदारीत ढकलली जाणार नाही. समोरून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, हेही पक्कं ठाऊक आहे. पण फट मिळतच नाही, आणि मागचे हॉर्न थांबत नाहीत.

परवा समोरच्या बसवाल्याने थांबून हात केला, म्हणून मी वळले. तर बसच्या आडून, तिच्या डाव्या अंगाने एक स्कूटर सुसाट आली. स्कूटरवर पुढे लहान मुलगी उभी होती. ब्रेक लागला, वीतभर अंतर राहिलं. तिचा गुलाबी स्वेटर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

अनुभवी लोकांनो, पिवळा लागला आणि मी मध्येच असले, तर समोरचे थांबल्याची खात्री करून चौक रिकामा करते. ते बरोबर ना? बसच्या आडचं कसं बघता? आणि मी वळत असताना उजवीकडून घुसणाऱ्या दुचाक्यांचं काय करता? पुढे जाऊन तीन डावी वळणं घ्यायलाही माझी तयारी आहे. कुणी रोज तसं करतं का?