पदवीची छायाचित्रे आणि भटकंती: दोन्हींचा मेळ कसा घालावा?

राजारामपुरीकर

नमस्कार. मी कोल्हापुरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकत आहे. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, दाजीपूर किंवा खिद्रापूर गाठायचे, हा माझा नेम आहे आणि त्यातून डोंगर, पाणी आणि वास्तू यांची बरीच छायाचित्रे जमली आहेत. यंदा मित्रमैत्रिणींनी पदवीची छायाचित्रे माझ्याकडूनच काढून घ्यायची असे ठरवले असून काही जण त्यासाठी पैसेही देणार आहेत. माणसांची छायाचित्रे मी आजवर मनापासून काढलेली नाहीत, त्यामुळे जबाबदारीचे दडपण वाटते.

भटकंतीत सापडलेल्या सुंदर जागी या सर्वांना नेऊन पदवीच्या वेषात छायाचित्रे काढावीत, असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का? रंकाळ्यावर सूर्यास्ताच्या वेळी घेतलेल्या चाचणीत चेहरे काळवंडले आणि सावलीत काळ्या गाऊनमधील मैत्रिणीचा चेहरा पांढुरका आला, यावर उपाय काय? माझ्याकडे जुना क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, सोबत मिळालेली 18-55 ची लेन्स आणि 50 मिलिमीटर एफ 1.8 ची लेन्स आहे.

सांजप्रकाश

आधी प्रकाशाचे सांगतो, कारण तुमच्या दोन्ही अडचणी तिथल्या आहेत. चौपाटी रंकाळ्याच्या पूर्वेला आहे आणि शालिनी पॅलेस पश्चिमेला. संध्याकाळी चौपाटीवर पाण्याकडे पाठ करून माणूस उभा केला की सूर्य थेट त्याच्या मागे येतो आणि कॅमेरा आकाशाचा उजेड मोजून चेहरा अंधारात टाकतो. त्याच जागी सकाळी या. कोवळे ऊन समोरून चेहऱ्यावर पडेल आणि मागे पाणी व पॅलेस दोन्ही स्वच्छ दिसतील. संध्याकाळच हवी असेल, तर थर्माकोलचा पांढरा तक्ता एका मित्राच्या हातात देऊन मावळतीचा उजेड चेहऱ्यावर परतवा. यासाठी महागडे साहित्य मुळीच लागत नाही.

काळ्या गाऊनचे कारण वेगळे आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे चौकटीत काळे कापड जास्त असले की तो सगळेच उजळवतो आणि चेहऱ्याचा रंग उडतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा घेतो तो प्रकाश, दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) किंवा चौकटीचा छोटासा भागच मोजणाऱ्या स्पॉट मीटरिंगने थेट चेहऱ्यावर मोजणी घ्या. पांढरी साडी किंवा पांढरा सदरा असेल तर नेमके उलटे करावे लागते. क्रॉप सेन्सर आकाराने लहान असल्याने तुमच्या कॅमेऱ्यावर 50 ची लेन्स साधारण 75 ते 80 मिलिमीटरसारखी वागते आणि एकट्या माणसासाठी ती उत्तम आहे. मात्र चार-पाच जण दोन रांगांत असतील तर एफ 1.8 वर, म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे असताना, मागचे चेहरे धूसर होतील, छिद्र लहान करून एफ 5.6 च्या आसपास जा. टोपी उडवतानाचा क्षण पकडायचा असेल तर शटरचा वेग 1/1000 सेकंद ठेवा.

आता जागेविषयी. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. पदवीच्या छायाचित्रात जागा त्या विद्यार्थ्याची असावी, छायाचित्रकाराच्या आवडीची नव्हे. आपल्या जिल्ह्यात चंदगड, भुदरगड, शाहूवाडी अशा तालुक्यांतून मुले शिकायला येतात आणि शहरातील वसतिगृहांच्या आधारावर शिकतात. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला चालना दिल्यापासून इथे निरनिराळ्या समाजांच्या बोर्डिंगांची मोठी परंपरा उभी राहिली. अशा बोर्डिंगच्या खोलीत राहून पदवीधर झालेल्या मुलाला गगनबावड्याच्या कड्यावर गाऊन घालून उभे करण्यात काय अर्थ आहे? त्याची पायरी, त्याची खिडकी, त्याचा जेवणाचा हॉल शोधा. शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी असतील तर 853 एकरांच्या परिसरात झाडांखालचे रस्ते भरपूर आहेत. मुख्य इमारतीपुढील शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी सर्वांनाच छायाचित्र हवे असते, ते अवश्य काढा, पण दीक्षान्त समारंभाचा गर्दीचा दिवस टाळून.

तुमची भटकंती वाया गेली असे मात्र समजू नका. एखादी जागा कोणत्या वेळी कशी उजळते हे ओळखण्याची सवय तिथेच लागते. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचा परिसर पुन्हापुन्हा रंगवला. टाउन हॉल संग्रहालयात जाऊन त्यांची चित्रे सावकाश पाहा. आपल्याच गावचा उजेड कसा पाहावा, याचे याहून चांगले शिक्षण मला ठाऊक नाही.

कलम सतरा

मी वकिली करते, म्हणून पैशांच्या मुद्द्याकडे लक्ष वेधते. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार, एखाद्याने मोबदला देऊन स्वतःसाठी छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसला, तर त्या छायाचित्राचा पहिला हक्कदार पैसे देणारी व्यक्ती असते. छायाचित्र ज्याने काढले त्याचेच, असे बहुतेक जण समजतात. मोबदला घेतला की ते तसे राहत नाही. म्हणून ही छायाचित्रे तुम्हाला आपल्या संग्रहात किंवा इन्स्टाग्रामवर दाखवायची असतील, तर आधीच एका पानावर लेखी संमती घ्या. त्यातच किती छायाचित्रे देणार, कधी देणार आणि आगाऊ रक्कम किती, हेही लिहा. मित्रांशी लिहून व्यवहार करण्याचा संकोच वाटतो, पण मैत्री टिकवायची असेल तर हाच मार्ग सरळ आहे. मोफत काढलेल्या छायाचित्रांचा हक्क तुमच्याकडे राहतो. तरीही मुलींची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकांत स्टँड, दिवे आणि व्यावसायिक चित्रण यांसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ड्रोनचा विचार असेल तर उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या क्षेत्रात येते हे पाहिल्याशिवाय तो उडवू नका.

आजऱ्याची लेक

मी नुकतीच पदवीधर झाले, म्हणून कॅमेऱ्यासमोर उभे राहणाऱ्याच्या बाजूने लिहिते. सांजप्रकाश दादांचे म्हणणे मला बरेचसे पटते. माझ्या सर्व छायाचित्रांत मला सर्वांत प्रिय असलेले छायाचित्र मध्यवर्ती बसस्थानकावरचे आहे, कारण आई मला दर सोमवारी आजऱ्याहून डबा पाठवायची आणि तो मी तिथेच उतरवून घ्यायची. त्या दिवशी आईच्या खांद्यावर माझा गाऊन घातला होता. तेव्हा राजारामपुरीकर दादा, आईवडील आले असतील तर त्यांना बाजूला उभे करून फक्त मुलांची छायाचित्रे काढू नका. ते लांबून आलेले असतात आणि परतीची एसटी गाठायची असल्याने त्यांना घाई असते, म्हणून त्यांची छायाचित्रे सर्वांत आधी घ्या.

मात्र डोंगरावरची जागा विद्यार्थ्यांची नसते, हे मला मान्य नाही. आमच्या महाविद्यालयातील अनेक जण दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड या पदभ्रमंतीला जातात. 13 जुलै 1660 च्या बाजीप्रभूंच्या पराक्रमाचे स्मरण करत मसाई पठारावरून पावसात, चिखलात एकमेकांचा हात धरून चाललेली मुले पुढे जन्मभर एकमेकांना विसरत नाहीत. त्यांच्यासाठी पन्हाळा हा वर्गाइतकाच त्यांचा आहे. तिथे गाऊन नेऊ नका, चालताना जसे दिसतात तसेच त्यांना टिपा. म्हणजे आपण कुठे जाऊन आलो याची छायाचित्रेही पदवीच्या संग्रहात शोभतील.

राजारामपुरीकर

तिघांचेही मनापासून आभार. आता प्रत्येकाला आधी त्याच्या दोन जागा विचारणार आहे आणि संमतीचा मसुदा आजच लिहायला घेतो. ताईंचे म्हणणे वाचून जुलैतील पदभ्रमंतीला कॅमेरा न्यायचे ठरवले आहे, पण पावसाची धास्ती वाटते. आणि पन्हाळ्यावर नेमके कुठे, केव्हा थांबावे?

सांजप्रकाश

ताईंचा मुद्दा योग्य आहे. जिथे ती मुले एकत्र चालली, ती जागा त्यांचीच. पन्हाळ्यावर सज्जाकोठी पूर्वेच्या कड्यावर आहे, तिथे सकाळचा उजेड घ्या. तीन दरवाजा पश्चिमेला असल्याने तिथे दुपारनंतर थांबा. जुलैत धुके असेल तर वेळेची फारशी चिंता नको, कारण धुक्यात प्रकाश सगळीकडून सारखा येतो आणि चेहरे मऊ उमटतात. फक्त एक्स्पोजर किंचित वाढवावे लागते.

पावसात लेन्स बदलू नका, 18-55 च लावून ठेवा आणि कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी रबराने घट्ट बसवा. कोरडा पंचा सदऱ्याच्या आत ठेवा, पाठपिशवीत ठेवलात तर तो हमखास भिजतो. घरी परतल्यावर ओला कॅमेरा बंद बॅगेत तसाच ठेवू नका. बॅटरी आणि कार्ड काढून, बाहेरून पुसून तो पंख्याखाली सुकवा, नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लेन्सच्या आत बुरशी धरते आणि एकदा काचेवर तिचा डाग पडला की तो पुरता निघेल याची खात्री नसते. कार्डावरील छायाचित्रे त्याच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा आणि दोन्हीकडे उघडून पाहिल्यावरच कार्ड पुसा.